पलीकडच्या संघातला मुलगा



मागच्या वेळी मी तुम्हाला भरती-ओहोटीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते मी विसरलेले नाही. पण आज ते जरा बाजूला ठेवते. गेल्या महिन्यात माझ्या वर्गात एक भांडण झालं आणि त्यात माझीही चूक होती. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचा मिरकरवाडा आता तुम्हाला पाठ झाला असेल. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं हे मासेमारी बंदर. सकाळी जेटीवर लाँच लागल्या की बर्फ, टोपल्या, हाका आणि कावळे यांचा एकच गोंधळ! माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरचं कोणी ना कोणी समुद्रावर असतं.

याच वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव मी सांगत नाही. वर्गात सगळे त्याला छोटू म्हणायचे, आपणही तेच म्हणू या. अंगानं किरकोळ, पण कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर उभा राहिला की समोरचा चढाई करणारा दोनदा विचार करायचा. एकदा का त्यानं घोटा धरला, की सुटका नाही. छोटूचे वडील एका लाँचवर तांडेल. गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना त्यांनी तालुक्यातल्याच दुसऱ्या बंदरातल्या मालकाची लाँच धरली. झालं, ऑगस्टात सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला तेव्हा छोटू रडला. पोरं त्याला पार रस्त्यापर्यंत सोडायला गेली. कोणीतरी त्याला आपला भोवरासुद्धा दिला.

मग आल्या तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा. कबड्डीत आमची शाळा उपांत्य फेरीत पोहोचली. समोरचा संघ मैदानात उतरला आणि आमची पोरं एकदम गप्प झाली. पलीकडच्या संघात उजव्या कोपऱ्यावर छोटू उभा होता!

सामना फार चुरशीचा झाला. शेवटच्या चढाईला आम्ही फक्त एका गुणानं मागे होतो. आमचा कप्तान चढाईला गेला. त्याला एक सवय आहे. गडबडला की तो नेहमी आपल्या डावीकडे वळतो. ही सवय आमच्या शाळेबाहेर कोणाला माहीत असणार? पण छोटूला माहीत होती. तो थांबला, वाट पाहिली आणि बरोबर घोटा धरला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर छोटू हसत हसत आमच्याकडे धावत आला. आमच्या एकाही मुलानं त्याच्याशी हात मिळवला नाही. कोणीतरी पाठ फिरवली, कोणीतरी चपला शोधायचं नाटक केलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, बघितलात?” आणि मी काय केलं सांगू? मी नुसतं “हं” म्हटलं आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याच्या सरांनी हाक मारली तसा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कप्तान उठून म्हणाला, “बाई, तो फितूर झाला ना?”

चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, त्यामुळे फितुरी या शब्दाचा अर्थ आमच्या पोरांना पक्का ठाऊक आहे. पैशासाठी, वतनासाठी आपल्याच माणसांना दगा देणारा तो फितूर. “आपली गुपितं त्यानं त्यांना दिली. इथं शिकला आणि तिथून खेळला,” असं सगळी मुलं बोलू लागली. मला पटकन उत्तर देता येईना. कारण आदल्या दिवशी मैदानावर मीसुद्धा त्याच्याशी तशीच वागले होते.

म्हणून मी म्हटलं, “थांबा. उद्या मी तुम्हाला एका मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगते. मग तुम्हीच ठरवा.” ती गोष्ट आज तुम्हालाही सांगते. तुम्हीही ठरवा.

या खेळाडूचं नाव सौरभ नेत्रावळकर. १९९१ साली मुंबईत जन्मलेला मराठी मुलगा. डाव्या हातानं मध्यमगती गोलंदाजी करणारा. २०१० साली न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, त्यात तो भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्याचे तेव्हाचे सोबती. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वांत जास्त बळी सौरभनं घेतले. पण उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्ताननं आपल्याला दोन गडी राखून हरवलं. पाकिस्तानच्या त्या संघात बाबर आझम नावाचा एक मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे काय झालं? सौरभ क्रिकेटही खेळत होता आणि मुंबईतच कॉम्प्युटर इंजिनीअरिंगही शिकत होता. आता मुंबईच्या संघात जागा मिळवणं म्हणजे काय चीज आहे, हे तुमच्या बाबांना विचारा. २०२४ पर्यंत ४२ वेळा रणजी करंडक जिंकलेला हा संघ. त्याच्या दारात नेहमी रांग असते. सौरभला २०१३ साली कर्नाटकाविरुद्ध मुंबईकडून रणजी सामना खेळायला मिळाला. पण संघातली जागा काही पक्की झाली नाही. त्याच्याबरोबरचे काही जण पुढे भारताकडून खेळले. तो मागे राहिला.

मुलांनो, अशा वेळी माणूस काय करतो? कोणी रडत बसतो, कोणी निवड समितीला दोष देतो. सौरभनं हिशेब मांडला. अभ्यास त्याला येत होता. खेळाडूंच्या कामगिरीचं पृथक्करण करणारं एक मोबाईल ॲप त्यानं तयार केलं होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पुढच्या शिक्षणासाठी त्याला प्रवेश मिळाला. २०१५ साली तो गेला. क्रिकेट संपलं, असंच तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

शिक्षण झाल्यावर त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. पण हात गप्प बसेनात. अमेरिकेत क्रिकेट खेळणारे बहुतेक जण भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज अशा ठिकाणांहून तिथं गेलेले. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी खेळायचं. चांगले सामने खेळायला मिळावेत म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटलं की सौरभ गाडीनं लॉस एंजेलिसला जायचा. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर! म्हणजे रत्नागिरीहून मुंबईला जाऊन पुन्हा निम्म्याच्या वर परत येण्याइतकं. हे सगळं सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळायला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, हवं त्या देशाकडून खेळता येतं का? मग सगळेच ऑस्ट्रेलियाकडून खेळतील!”

छान प्रश्न आहे. नाही, तसं येत नाही. त्याला नियम आहेत. क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळायचं, तर तुमचा जन्म तिथला हवा, किंवा तुम्ही तिथले नागरिक हवेत, किंवा नियमानं ठरवलेली वर्षं तुम्ही खरोखर तिथं राहिलेले हवेत. आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असाल, तर मध्ये काही वर्षं थांबावंही लागतं. म्हणजे काल सकाळी इकडे आणि आज संध्याकाळी तिकडे, असं चालत नाही.

मी पोरांना विचारलं, “आपल्या स्पर्धेत नियम काय आहे?” कप्तानच म्हणाला, “ज्या शाळेच्या पटावर नाव, त्या शाळेकडून खेळायचं.” मी म्हटलं, “मग छोटूचं नाव कुठल्या पटावर आहे?” कप्तान खाली बसला. पण चेहऱ्यावरून दिसत होतं, त्याला पटलेलं नव्हतं.

मग एक मुलगी म्हणाली, “बाई, बायकांमध्ये असं कोणी नाय का?”

आहे ना! तिच्यासाठी मी जरा लांबची, पण खरी गोष्ट शोधून आणली. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आपल्याला घोड्यावर बसून फेरी मारता येते. परदेशात घोडेस्वारीचा एक मोठा खेळ आहे. मैदानात साधारण डझनभर अडथळे उभे करतात. लांबलचक रंगीत दांडे एकावर एक आडवे ठेवलेले असतात. स्वारानं घोड्यासकट त्यावरून उडी मारायची. मोठ्या स्पर्धांत अडथळ्याची उंची १.६० मीटरपर्यंत असते, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाएवढी! एक दांडा पडला की ४ दंडगुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो पुढे. या खेळाची गंमत म्हणजे यात बायका आणि पुरुष वेगवेगळे खेळत नाहीत. सगळे एकाच मैदानात, एकमेकांविरुद्ध.

मेरेडिथ मायकेल्स या खेळातली मुलगी. १९६९ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जन्मली. १९९१ साली ती शिकायला जर्मनीला गेली. घोडेस्वारीत जर्मनी म्हणजे क्रिकेटमधली मुंबईच समजा. तिथंच राहिली, तिथल्याच मार्कुस बेअरबाउम नावाच्या स्वाराशी १९९८ साली लग्न केलं आणि जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. पुढच्याच वर्षी युरोपीय स्पर्धेत जर्मनीच्या संघाला सुवर्णपदक मिळालं, त्या संघात ती होती. २००४ साली ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. या खेळात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती पहिली स्त्री! शटरफ्लाय नावाच्या तिच्या घोड्यानं तर तिला २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं विश्वचषक स्पर्धा जिंकून दिली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या संघाला कांस्यपदक मिळालं, तेव्हाही ती संघात होती.

आणि ऐका, या खेळात घोड्यालाही पासपोर्ट असतो! ऑलिंपिकला तर घोड्याचा मालकसुद्धा स्वाराच्याच देशाचा असावा लागतो. ऑलिंपिकचा नियम क्रिकेटपेक्षा कडक आहे. नुसतं राहून भागत नाही, त्या देशाचं नागरिक असावंच लागतं. आणि नागरिकत्व बदललेल्या खेळाडूला, आधीचा देश आणि इतर संबंधितांनी सूट दिली नाही, तर ३ वर्षं थांबावं लागतं.

तेव्हा मुलांनो, दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. नागरिकत्व बदलणं वेगळं आणि खेळाचा संघ बदलणं वेगळं. मेरेडिथनं नागरिकत्व बदललं. क्रिकेटमध्ये मात्र नुसत्या राहण्याच्या नियमावरही दुसऱ्या देशाकडून खेळता येतं. पालकांना हेही ठाऊक असेल की आपल्या कायद्याप्रमाणे भारताचं आणि दुसऱ्या देशाचं, अशी दोन नागरिकत्वं एकाच वेळी ठेवता येत नाहीत.

चला, परत सौरभकडे. २०१८ साली तो अमेरिकेच्या संघात आला आणि त्याच वर्षी कप्तानही झाला. आता वाटेल, आला, कप्तान झाला, जिंकला. तसं नाही हं. फेब्रुवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या कीर्तिपूरला त्याच्या कप्तानपदाखाली अमेरिकेचा संघ किती धावांत बाद झाला असेल? ३५! बारा षटकांत सगळे तंबूत. एकदिवसीय क्रिकेटमधल्या सर्वांत कमी धावसंख्येशी बरोबरी झाली.

हे ऐकल्यावर आमच्या वर्गात एकदम हशा पिकला. कारण मिरकरवाड्याच्या लाँचवर नेपाळहून आलेले खलाशी पुष्कळ आहेत. एक जण म्हणाला, “बाई, आमच्या लाँचवरच्या नेपाळीदादाला सांगतो, तो खूश होईल!” मला तेवढंच हवं होतं. मी विचारलं, “तो नेपाळीदादा जाळं कोणाचं ओढतो?” “आमचं.” “जोरात ओढतो की सावकाश?” “जोरात! नायतर तांडेल ओरडेल.” “आणि घरची आठवण येते त्याला?” तो मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, “येते. रात्री फोनवर बोलतो तेव्हा हळू बोलतो.”

बघा, एकाच माणसात दोन्ही गोष्टी असू शकतात. जाळं इथलं ओढायचं, आणि घर तिकडं आठवायचं. आपण कधी त्याला नेपाळचा फितूर म्हणतो का?

आता जून २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिकेत आणि वेस्ट इंडीजमध्ये भरला. ६ जूनला डॅलसला अमेरिकेचा सामना पाकिस्तानशी होता. पाकिस्तानचा कप्तान कोण? तोच बाबर आझम! पाकिस्ताननं १५९ धावा केल्या. सौरभनं चार षटकांत फक्त १८ धावा देऊन दोन बळी घेतले. अमेरिकेनंही बरोबर १५९ केल्या. सामना बरोबरीत. मग सुपर ओव्हर, म्हणजे दोघांना एकेक षटक. अमेरिकेनं १८ धावा काढल्या. पाकिस्तानला हव्या होत्या १९. चेंडू कोणाच्या हातात दिला असेल? सौरभच्या. त्यानं १३ च धावा दिल्या. चौदा वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये जे जमलं नव्हतं, ते डॅलसला जमलं.

इथवर वर्गात टाळ्याच टाळ्या. पाकिस्तानला हरवलं म्हटल्यावर सौरभ सगळ्यांना एकदम आपलाच वाटायला लागला. पण मी म्हटलं, “थांबा, अजून सहा दिवस आहेत.”

१२ जूनला न्यूयॉर्कला सामना होता अमेरिका विरुद्ध भारत. अमेरिकेनं ११० धावा केल्या. मग आपली फलंदाजी. पहिलंच षटक सौरभचं. विराट कोहली पहिल्याच चेंडूवर बाद! सौरभच्या पुढच्या षटकात रोहित शर्मा ३ धावांवर बाद. आणि रोहितचा झेल घेतला हरमीत सिंगनं. हा हरमीतही मुंबईचाच, २०१२ साली १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघातला. म्हणजे मुंबईच्या मुलानं चेंडू टाकला, मुंबईत वाढलेल्यानं मारला आणि मुंबईच्याच तिसऱ्यानं झेलला. आणि हे सगळं न्यूयॉर्कला!

वर्ग एकदम शांत झाला. मी विचारलं, “आता सांगा, सौरभनं कोहलीला सोपा चेंडू टाकायला हवा होता का?”

खूप वेळ कोणी बोललं नाही. मग कप्तानच म्हणाला, “नाय बाई. तसं केलं असतं, तर ज्यांनी त्याला संघात घेतलं त्यांना फसवल्यासारखं झालं असतं.”

“मग फितूर कधी झाला असता?”

“सोपा टाकला असता तर.”

मुलांनो, हे उत्तर मी दिलेलं नाही. ज्याच्या घोट्याची पकड झाली होती, त्यानंच ते दिलं. फितुरी म्हणजे ज्या बाजूला उभे आहोत, त्या बाजूला आतून दगा देणं. छोटूनं त्या दिवशी मुद्दाम कप्तानाला सोडलं असतं, तर आम्ही जिंकलो असतो, त्याला खांद्यावर घेतलं असतं, आणि तीच खरी फितुरी झाली असती. ज्या मुलांनी नव्या गावात त्याला आपल्या संघात घेतलं, डब्यातला घास दिला, त्यांच्याशी.

तो सामना पुढे आपण सात गडी राखून जिंकलो. सूर्यकुमार यादव नाबाद ५०. पण त्याआधी सूर्यकुमारचा एक झेल उडाला होता, आणि तो सुटला होता. कोणाच्या हातून? सौरभच्याच. हे दोघंही मुंबईच्या क्रिकेटमध्ये बरोबरच वाढलेले. यावर आमच्या वर्गातला एक हुशार म्हणतो, “मुद्दाम सोडला असेल!” मी म्हटलं, “ज्यानं कोहलीला पहिल्या चेंडूवर बाद केलं, तो झेल कशाला मुद्दाम सोडेल? झेल सगळ्यांकडून सुटतात. आपल्या सोयीचा सुटला की आपल्याला तो मुद्दाम वाटतो, एवढंच.” त्या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळणारा अमेरिकेचा संघ पुढच्या फेरीत गेला, आणि भारत तर पुढे विश्वविजेता झाला.

पण मला त्या दिवशी वर्गात जे सांगायचं होतं, ते अजून बाकी होतं. ते सांगायला अवघड होतं, कारण ते माझ्याबद्दल होतं. जो संघ बदलून गेला त्यानं कसं वागावं, हे आपण पाहिलं. पण मागे राहिलेल्यांनी कसं वागावं?

त्यासाठी आणखी एक छोटी गोष्ट. एजाझ पटेल हा १९८८ साली मुंबईत जन्मला आणि आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. तिथंच वाढला, तिथल्याच संघात आला. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे स्टेडियमवर, म्हणजे आपल्याच जन्मगावी, तो भारताविरुद्ध कसोटी खेळला. एका डावात आपले दहाच्या दहा गडी त्यानं एकट्यानं बाद केले! कसोटीच्या इतिहासात असं त्याआधी दोनदाच झालं होतं. १९५६ साली जिम लेकर आणि १९९९ साली अनिल कुंबळे.

आपलेच दहा गडी गेले होते. तरी वानखेडेवरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपले प्रशिक्षक राहुल द्रविड आणि कप्तान विराट कोहली न्यूझीलंडच्या खोलीत जाऊन त्याचं अभिनंदन करून आले. अश्विननं त्याला सगळ्या भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली जर्सी दिली. एजाझनंही तो चेंडू मुंबई क्रिकेट संघटनेच्या संग्रहालयासाठी देऊन टाकला. आणि बरं का, सामना भारतानं ३७२ धावांनी जिंकला. टाळ्या वाजवल्या म्हणून आपलं काही कमी झालं नाही.

हे सांगून झाल्यावर मी वर्गाला म्हटलं, “त्या दिवशी छोटू माझ्याकडे आला होता. त्याला मी दोन शब्दसुद्धा बोलले नाही. माझ्याच हाताखाली पकड शिकलेला मुलगा. माझं चुकलं.”

बाईंचं चुकलं, हे बाईंच्याच तोंडून ऐकायची पोरांना सवय नव्हती. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग ठरलं, छोटूला पत्र लिहायचं. फळ्यावर मजकूर तयार झाला. “तुझी पकड मस्त होती” हे वाक्य घालायचं की नाही, यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी घातलं. सगळ्यांनी सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत. मी त्यांना जबरदस्ती केली नाही. राग ओसरायला ज्याला त्याला आपापला वेळ लागतो. खाली मी माझ्यापुरत्या दोन ओळी लिहिल्या: “त्या दिवशी टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या. त्या आता वाजवते आहे.”

आठ दिवसांनी उत्तर आलं. अक्षर पूर्वीसारखंच, ओळ सोडून वर चढणारं. छोटूनं लिहिलं होतं:

“बाई आणि सगळ्यांना नमस्कार. मी बरा आहे. इथली मुलं चांगली आहेत. भोवरा अजून आहे. कप्तानाला सांगा, डावीकडे वळू नको. पण पुढच्या वर्षी उजवीकडे वळलास तरी मी धरणार.”

कप्तानानं ते पत्र चारदा वाचलं. हल्ली मधल्या सुट्टीत तो उजवीकडे वळायचा सराव करतो.

तर मुलांनो, तुमच्याही शाळेतून कोणी ना कोणी गेलं असेल. कोणाच्या वडिलांची बदली झाली असेल, कोणी मुंबईला गेलं असेल, कोणी आखातात. कोणी उद्या तुमच्याच विरुद्ध खेळायला उभं राहील. त्याला हरवायचा पूर्ण प्रयत्न करा. त्यात हयगय नको. पण सामना संपला की हात मिळवायला आधी तुम्ही जा. आणि उद्या तुमच्यावरच शाळा बदलायची वेळ आली, तर नव्या शाळेसाठी जीव तोडून खेळा आणि जुन्या शाळेला विसरू नका. यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. आपलं मूल शाळा बदलतं तेव्हा आपण दाखला, गणवेश, वह्या सगळं आठवणीनं बघतो. जुन्या मित्रांचे पत्ते मात्र लिहून घ्यायचे राहतात. तेवढे नक्की घ्या.

आणि आता तुमच्यासाठी काम. तुमच्या शाळेतून गेलेल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला या आठवड्यात एक पत्र लिहा. मोबाईलवर नको, कागदावर. काय लिहिलंत आणि उत्तर काय आलं, ते मला कळवा. आणि हो, एक प्रश्न: भारत-अमेरिका सामन्यात सौरभनं कोहलीला बाद केलं, तेव्हा तुम्ही टाळी वाजवली असती का? खरं खरं उत्तर लिहा. “नाही” लिहिलंत तरी मी रागावणार नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की भरती-ओहोटी!

तुमच्या,
मिरकरवाड्याच्या बाई